बोरखेडीचं रेशीम

वाफ डोळ्यांना दिसत नाही. चहाच्या किटलीतून जे पांढरं निघतं त्याला लोक वाफ म्हणतात, पण ती निवलेली, पुन्हा पाणी होत चाललेली वाफ. खरी वाफ त्या पांढऱ्याच्या अलीकडे असते, किटलीच्या तोंडाशी जी बोटभर मोकळी जागा दिसते तिथे. बोट घालून बघा, कळेल. जालन्यातल्या एका तेल गिरणीत बॉयलर अटेंडंट म्हणून माझी सगळी नोकरी ही न दिसणारी गोष्ट सांभाळण्यात गेली. सरकी भाजायला वाफ, तेल शुद्ध करायला वाफ. बाकी कारखाना झोपला तरी चालेल, बॉयलरवाल्याने डोळा लावायचा नाही.

निवृत्त झालो तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला आणि जालन्यातच मस्तगड भागातल्या घरी बसून राहायची मुभा मिळाली. ही मुभा घरच्यांना महागात पडली. सौ.च्या कुकरची शिट्टी उशिरा झाली की मी स्वयंपाकघरात जाऊन वॉल्व्ह बघायचो. एक दिवस तिने सरळ सांगितलं, "तुम्हाला कुठंतरी कामाला लावा म्हणून मी कुणाला तरी हात जोडणार आहे."

ते हात जोडण्याआधीच माझा भाचा कैलास मोटरसायकलवरून दारात उतरला.

कैलास माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. अंबडहून शहागडला जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की बोरखेडी लागतं, तिथे त्याची शेती. कापूस मोडून त्याने तुती लावली होती आणि रेशमाच्या अळ्या पाळत होता. अळी तुतीचा पाला खाते, मोठी होते आणि स्वतःभोवती धागा गुंडाळून भुईमुगाच्या शेंगेएवढं पांढरं घर करते. तो कोष. शेतकऱ्याचं काम इथे संपतं. कोष बाजारात नेऊन विकायचा.

"मामा," कैलास म्हणाला, "आपले कोष गाडीत बसून कर्नाटकात जातेत. तिथं त्याचा धागा व्हतो. आन् तोच धागा परत येऊन इथं पैठणला मागावर चढतो. आपल्या शिवारातून निघालेला माल आपल्याच शेजारी येतो, फक्त मधलं सगळं काम दुसऱ्या गावानं केलेलं ऱ्हाते. मी म्हन्तो, ते मधलं काम बोरखेडीत का न्हाई?"

"आणि यात माझं काय?"

"कोष उकडायला वाफ लागते. बॉयलर घेतलाय जुना. परवान्याचा मानूस लागतो."

सौ. आतून म्हणाली, "आज जाताय का उद्या?"

तेव्हाचं बोरखेडी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाव मोडलेलं नव्हतं, पण हळूहळू रिकामं होत चाललं होतं. पिठाची गिरणी दिवसाआड चालायची. न्हावी दुकान उचलून शहागडला हायवेवर गेला होता. तरुण पोरं जालन्याच्या कारखान्यांत, नाहीतर पुण्याला. उरलेली घरं दसरा झाला की ऊसतोडीला निघायची. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते. बायको नसेल तर नवऱ्याला कुणी नेत नाही. त्यामुळे निघायचं म्हणजे अख्ख्या घराने निघायचं. ट्रक येऊन गेला की गल्लीच्या गल्ली कुलूपबंद, आणि गुढीपाडव्यापर्यंत तिथे फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री.

सोसायटीचं बंद पडलेलं गोदाम आम्ही झाडलं. बायकांचा बचत गट, कैलाससारखे काही शेतकरी आणि एक सरकारी योजना मिळून यंत्रं आली. गटाची प्रमुख होती सुमनबाई. तिशीतली, उंच, आवाजाने खणखणीत. तिच्या सासऱ्याकडे मेंढरं होती, चराई गेली तशी मेंढरं गेली आणि तिच्या नवऱ्याच्या, म्हसूच्या हातात कोयता आला. लग्न झाल्यापासून ती प्रत्येक हंगामात त्याच्या मागून मोळ्या बांधत फिरली होती. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "मामा, हे काम दसऱ्याच्या पुढंबी चाललं का? चालत आसलं तरच शिकते. न्हाई तर उगं जीव लावायचा आन् सोडून जायचं, ते नको."

मी म्हणालो, "बॉयलर चालेल एवढं मी सांगतो. पुढचं तुम्ही बघा."

शिकवायला कर्नाटकातून नागराज नावाचा कारागीर आला. काळासावळा, बारीक मिशीचा, हातांची बोटं लांबसडक. त्याला मराठी येत नव्हती, बायकांना कन्नड येत नव्हतं, आणि दोघांचं हिंदी एकमेकांपासून फार दूर होतं. पण कामच असं होतं की बोलायची गरज कमी.

बाहेरच्यांसाठी हे काम सांगतो. कोषात किडा जिवंत असतो. त्याला तसंच ठेवलं तर काही दिवसांत त्याचा पतंग होतो आणि तो कोषाला भोक पाडून बाहेर पडतो. भोक पडलं की आतला अखंड धागा तुकडे तुकडे होतो आणि कोष वाया. म्हणून कोष आणल्यावर आधी गरम हवेच्या यंत्रात, आम्ही त्याला ड्रायर म्हणतो, ठेवून किडा मारायचा आणि कोष वाळवायचा. मग वाफेने तापवलेल्या पाण्यात शिजवायचा. कोषाचा धागा डिंकासारख्या चिकट रसाने चिकटलेला असतो, तो रस सैल होतो. मग ब्रशने हलकं घासलं की धाग्याचं टोक सुटतं. अशी आठ-दहा टोकं एकत्र करून चक्रावर चढवली की कोष गरम पाण्यात नाचत राहतात आणि धागा निघत राहतो. एखादा कोष संपला की चालत्या धाग्याला नव्या कोषाचं टोक असं चिकटवायचं की धाग्याला कळायलाही नको. सगळी करामत त्या क्षणात. माणसाच्या केसाहून बारीक तो धागा, डोळ्यांनी कमी आणि बोटांनीच जास्त दिसतो.

नागराज सारखा म्हणायचा, "मेल्लगे, मेल्लगे." म्हणजे हळू. पहिल्या आठवड्यात बायकांच्या हातून धागा तुटायचा, गुंता व्हायचा, गरम पाण्याने बोटं पांढरी पडून सुरकुतायची. मग एका सकाळी सुमनबाईच्या चक्रावर धागा चढला आणि तुटलाच नाही. ती श्वास धरून उभी. आजूबाजूच्या बायका आपलं काम सोडून तिच्याभोवती. चक्र फिरतंय, पाण्यातले कोष थरथरतायत, आणि चक्रावर पांढरंशुभ्र, चमकदार काहीतरी साठत चाललंय. मी बॉयलरपाशी होतो. प्रेशरचा काटा सोडून मी कधी कुठे बघितलं नाही, त्या दिवशी बघितलं. नागराज हसत म्हणाला, "मेल्लगे, मामाजी, मेल्लगे." कारण मीच पुढे पुढे सरकत होतो.

घरी आल्यावर सौ.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण एवढे जीव उकडता तुम्ही." गावातही दोन-तीन घरांनी आपल्या सुनांना याच कारणासाठी कामावर पाठवलं नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कोषातून निघालेले मेलेले किडे मात्र ढिगाने साठायचे आणि त्यांचा वास असा की गोदामाशेजारून जाणारे नाकाला पदर लावायचे. त्यावर शहागडहून एक मासे धरणारा गडी स्वतःच चालत आला. गोदावरीत गळ टाकून बसायचा. त्याला कुठून वास लागला कोण जाणे. "मामा, हे किडे मला द्या, मासे यड्यावानी येतेत याला." तेव्हापासून तो आमचं सगळ्यात नियमाचं गिऱ्हाईक. धाग्याला गिऱ्हाईक मिळायच्या आधी किड्यांना मिळालं, हे मी आजही हसून सांगतो.

धाग्याचं गिऱ्हाईक म्हणजे पैठणचे हबीबचाचा. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मागाचं काम. पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. आम्ही पहिला माल घेऊन कैलासच्या जीपमधून त्यांच्याकडे गेलो. सुमनबाई मांडीवर गुंडाळलेल्या धाग्याच्या लडी घेऊन बसली होती, जसं लेकरू. चाचांनी एक लड उचलली, उजेडाकडे धरली, दोन बोटांत चोळली, मग थोडा धागा ओढला. तुटला. पुन्हा ओढला. पुन्हा तुटला.

"बेटी," ते सुमनबाईला म्हणाले, "ये रेशम है की सुतली? देख, हाताला कसं खरखर लागतंय. मागावर चढवलं तर दहा जागी तुटेल. माझा कारागीर रडेल. मेहनत दिसते तुमची, बिलकुल दिसते. पण धागा न्हाई चालणार."

त्यांनी चहा पाजला, फार नीट बोलले, आणि माल परत दिला.

दुसऱ्या दिवशी गोदामात सगळेच बोलायला लागले. कुणी म्हणे कोष खराब. कैलास म्हणे कोष माझा आहे, खराब नाही. कुणी म्हणे यंत्र जुनं. कुणी म्हणे बायकांचा हात बसला नाही. नागराज तोवर त्याच्या गावी परतला होता. फोनवर तो एवढंच म्हणाला, "धागा दिखाव." फोनवर धागा कसा दाखवणार?

मला त्या दिवशी बॉयलरमधलं पाणी बदलायचं होतं. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार. असं पाणी बॉयलरला दिलं की आत खडूसारखा थर बसतो आणि बॉयलर मरतो. म्हणून बॉयलरचं पाणी आधी मऊ करून घ्यावं लागतं, त्याचं वेगळं यंत्र असतं. ते लहानसं, बॉयलरपुरतं, मी लावलेलं होतं. पण शिजवायच्या टाकीत पाणी थेट बोअरचं येत होतं. तिथे मी कधी लक्षच घातलं नव्हतं, ते माझं खातं नव्हतं. टाकीच्या काठावर हात फिरवला तर पांढरी पुटं. मी सुमनबाईला हाक मारली.

"हे बघा, काय आहे हे?"

तिने नखाने खरवडलं. "हे तर आमच्या घरच्या हंड्यालाबी बसतंय. बोअरचं पानी हे. या पान्यात डाळसुदिक शिजत न्हाई मामा. आमी डाळीसाठी येगळं पानी आनतो, कैलासभाऊच्या शेततळ्याचं." बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

"डाळ शिजत न्हाई," ती हळू म्हणाली, "तर कोष कसा शिजंल?"

आम्ही दोघंही तडक कैलासच्या शेतावर गेलो. शेततळं म्हणजे शेतात खणलेलं, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं. त्यात पावसाचं पाणी. मऊ. उन्हाळ्यात त्यावरच त्याची तुती जगायची. कैलासने तळ्याच्या काठावर उभं राहून पाण्याचा अंदाज घेतला.

"उन्हाळ्यात तुती वाळली तर कोषच ऱ्हाणार न्हाई, मामा."

"धागा झाला नाही तर कोष ठेवून काय करशील? पुन्हा कर्नाटकात पाठवशील."

"मंग घ्या," तो म्हणाला. "पाईप टाका. फेब्रुवारीत बघू."

आम्ही घागरीनेच पाणी आणलं, पाईपची वाट बघायला धीर नव्हता. तेच कोष, तेच यंत्र, त्याच बायका. टाकीत तळ्याचं पाणी. कोष शिजताना त्यांचा रंगच वेगळा दिसायला लागला, जरा पारदर्शक. सुमनबाईने टोक पकडलं, चक्रावर चढवलं, आणि चक्र दिवसभर फिरत राहिलं. संध्याकाळी तिने लड काढून माझ्या हातात दिली. मी म्हणालो, "माझ्या हाताला काय कळतंय? चाळीस वर्षं लोखंडी वॉल्व्ह फिरवलेत." पण कळलं. हातातून निसटत होती.

हबीबचाचांना नमुना पाठवला. उत्तर आलं, एवढंच: "असाच बराबर निघत असेल तर मोठा माल बनवा. दिवाळीच्या आधी पाहिजे. मग पुढचं बोलू."

आता दिवस दसऱ्याचे आले होते. ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक दसऱ्यानंतर गावात यायचा होता. गटातल्या अर्ध्या बायकांच्या घरी रोज तोच विषय. म्हसूने मुकादमाला अजून शब्द दिला नव्हता, पण सामान बांधायला काढलं होतं. तो एकदा गोदामाच्या दारात उभा राहून मला म्हणाला, "मामा, तुमी चांगले मानूस. पन हे किड्याचं काम किती दिवस चालंल? ऊस तर दरसाल ऱ्हातो." म्हसू वाईट नव्हता. तो खरंच विचारत होता.

मोठ्या मालासाठी आम्ही बाजारातून भरपूर कोष आणले. गोदाम काठोकाठ भरलं. आणि खंडेनवमीच्या सकाळी ड्रायरमधून जळका वास आला.

मी धावत गेलो तर पंख्याची मोटर जळालेली. विजेचा दाब रात्रीत वरखाली झाला होता. मोटर काढून कैलासबरोबर अंबडला पाठवली. मोटर गुंडाळणाऱ्याने दुकान उघडंच ठेवलं होतं, पण सगळी हत्यारं पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून, हार घालून. "आज यांना हात न्हाई लावायचा," तो म्हणाला. "उद्या दसरा. परवा बघतो." कैलासने जालन्याला फोन लावले, सगळीकडे तेच. वर्षातले दोनच दिवस जेव्हा माणसं यंत्रांना सुट्टी देतात, नेमके त्या दिवशी आमचं यंत्र गेलं.

तोवर सुमनबाई एका टोपल्यातून काहीतरी उचलून माझ्याकडे आली. तळहातावर एक पांढरा, जाडसर पतंग, पंख फडफडवत. पहिला पतंग बाहेर आला होता.

"मामा," ती म्हणाली, "परवापर्यंत हे सगळे उडतील."

किडा मारायला गरम हवाच लागते असं नाही, हे नागराजने एकदा सांगितलं होतं. जुने लोक वाफेवर मारायचे. वाफ माझ्याकडे होती, भरपूर होती. पण वाफ कोंडायला जागा नव्हती. ड्रायर हवेचा, त्यात वाफ सोडली तर ती गळून जायची. मी गोदामात फेऱ्या मारत होतो आणि सुमनबाई माझ्या मागे. एकाएकी ती म्हणाली, "कोठ्या."

आपल्याकडे प्रत्येक घरात ज्वारी साठवायला पत्र्याची उंच कोठी असते. वर झाकण, खाली धान्य काढायचं तोंड. खालच्या तोंडातून वाफेची नळी सोडायची, आत टोपल्यांची चळत, वर झाकण नुसतं ठेवलेलं, आवळलेलं नाही. आवळलं तर ती कोठी राहत नाही, बॉम्ब होते. मी एक कोठी मागवून आधी रिकामी चालवून बघितली. पत्रा तापला, झाकणाखालून पांढरं निघालं, कोठी जागेवर उभी. मी म्हणालो, "आणा."

आणि गाव हललं. बायकांनी घरातली ज्वारी पोत्यांत, चादरींवर, पलंगावर ओतून कोठ्या रिकाम्या केल्या. सासवा ओरडत होत्या आणि त्याच सासवा कोठीला एका बाजूने हातही लावत होत्या. कोठ्या वाहून आणायला पुरुष लागले. सगळ्यात आधी आला म्हसू. सामान बांधायची सुती दोरी खांद्यावर होती, तीच कोठीला बांधली आणि एकट्याने पाठीवर घेऊन आला. "कुठं ठिवू?" एवढंच विचारलं.

बॉयलरला मी त्या दिवशी जेवढं पळवलं तेवढं गिरणीतही कधी पळवलं नसेल. एका हाताने वॉल्व्ह, डोळा काट्यावर. गोदामाच्या मैदानात कोठ्यांची रांग, प्रत्येकीच्या पायाशी वाफेची नळी. टोपली आत, झाकण, थोडा वेळ, टोपली बाहेर. सुमनबाई प्रत्येक टोपलीतला एक कोष कापून किडा मेला का बघत होती. "झाला, काढा. हा न्हाई झाला, ठिवा अजून." आवाज बसेपर्यंत. दसऱ्याच्या दुपारी लोक सोनं द्यायला निघाले ते आपट्याची पानं हातात घेऊन मैदानातच आले, एकमेकांना तिथेच दिली आणि पानं खिशात टाकून टोपल्या उचलायला लागले.

पण वाफेने मारलेला कोष ओला असतो. तो सावलीत, पातळ पसरून वाळवावा लागतो, नाहीतर बुरशी येते. गोदाम भरलं, शाळेचा व्हरांडा भरला, देवळाचा मंडप भरला. अजून ढीग उरलेला. तेव्हा म्हसूने डोकं चालवलं. काही घरं आधीच उसाला गेली होती, लवकरच्या ट्रकने. त्यांची घरं बंद, आत कोरडी, सावलीची, रिकामी. म्हसूने फोन लावला. पलीकडे कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर कुणीतरी उचलला.

"आरं, तुज्या घराची चावी मागायची व्हती. न्हाई, चोरी न्हाई झाली. कोष पसरायचेत. हां, किड्याचे. हां, माझ्या बायकूचे." थोडा थांबून तो म्हणाला, "सगळं गाव करून राह्यलंय बाबा."

चाव्या शेजाऱ्यांकडे, म्हाताऱ्यांकडे होत्याच. कुलपं उघडली. ज्या घरांत पाडव्याआधी कुणी पाऊल टाकायचं नाही, त्या घरांच्या खोल्यांतून चादरी अंथरल्या गेल्या आणि त्यावर कोष. मी संध्याकाळी गल्लीतून चाललो तर प्रत्येक उघड्या दारातून आत पांढरं पांढरं दिसत होतं, आणि प्रत्येक दारात कुणीतरी म्हातारं माणूस कोंबड्या हाकलत बसलं होतं. मी आयुष्यात बरेच कारखाने बघितले. एवढा मोठा बघितला नव्हता.

काही कोष गेले. पतंग बाहेर पडलेच काही. पण माल वाचला.

दसऱ्यानंतर ट्रक आला. गटातल्या तीन बायका गेल्या, त्यांच्या घरी ठरलंच होतं. एक तर जाताना रडली, तिचा हात फार चांगला होता. त्यांना थांबवता आलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. म्हसूने मुकादमाला चहा पाजला आणि सांगितलं, "यंदा आमची जोडी न्हाई." मुकादमाला पटलं नाही. त्याने कारण विचारलं. म्हसू म्हणाला, "घरात काम हाय." हे वाक्य बोरखेडीत फार दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

दिवाळीआधी माल पैठणला गेला. हबीबचाचांनी लड उजेडाकडे धरली, चोळली, ओढली. तुटली नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा ओढली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून कारागिराला म्हणाले, "ले, चढा इसे."

आज गोदामात तेव्हाच्या दुप्पट चक्रं आहेत. शेजारच्या दोन गावांतल्या बायका शिकायला येतात. पाण्यासाठी गोदामाच्या पत्र्यावरून पावसाचं पाणी उतरवून स्वतंत्र तळं केलं. कैलासची तुती वाचली, त्याने आणखी लावली. म्हसू कोष आणायची गाडी चालवतो आणि बाजारात कोष निवडताना व्यापाऱ्यांशी हुज्जत घालतो. पिठाची गिरणी रोज चालते. सगळं गाव परत आलं असं मी म्हणणार नाही. पुण्याला गेलेली पोरं पुण्यालाच आहेत. पण ट्रक आता गल्लीत येतो तेव्हा त्याला फार वेळ थांबावं लागत नाही, चढणारी माणसंच थोडी.

मागच्या वर्षी आम्ही गटातल्या सगळ्या बायकांना घेऊन पैठणला गेलो. धागा काढतात, पण त्याचं पुढे काय होतं ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. हबीबचाचांच्या मागावर निम्मी झालेली साडी होती, जांभळी, पदरावर मोर उमटत होता. बायका दाराशीच थबकल्या. चाचा म्हणाले, "अंदर आव बेटी, ये तुमचाच माल आहे." सुमनबाईला त्यांनी मागाच्या खड्ड्यात विणकराच्या जागी बसवलं, आडवा धागा नेणारा धोटा तिच्या हातात दिला आणि कसा फेकायचा ते दाखवलं. तिने फेकला. धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला, आणि कापडात एक ओळ वाढली. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं.

परत येताना एसटीत सगळ्या बायका मागच्या बाकांवर. मला वाटलं, आता साडीचं कौतुक चालेल, मोराचं चालेल. मी कान देऊन बसलो. सुमनबाईचा आवाज येत होता.

"त्या उभ्या धाग्यात एका जागी जाड आल्तं, बघितलं का तुमी? चाचा बोलले न्हाईत, पन मला दिसलं. ते आपलंच हाय. नवं टोक चिकटवताना कुनीतरी घाई केली."

"कोन केली आसंल?"

"कुनीबी आसू द्या. उद्यापासून हळू." मग ती पुढे वाकून माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "मामा, सकाळी बॉयलर जल्दी पेटवा. उद्या लई काम हाय."

मी हो म्हणालो आणि खिडकीतून बाहेर बघत बसलो. साठी कधीच उलटली होती, आणि मला सकाळ व्हायची घाई झाली होती.